पुस्तकाचा कणा किती जाड?

ग्रंथालयाच्या कपाटासमोर उभे राहिले की आपल्याला प्रत्येक पुस्तकाची एकच बाजू दिसते, ती म्हणजे त्याचा कणा. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, प्रकाशकाची खूण आणि ग्रंथालयाने चिकटवलेला क्रमांक, एवढा सगळा मजकूर या एक-दोन सेंटिमीटरच्या पट्टीवर बसवलेला असतो. मुखपृष्ठ तयार करणारा चित्रकार मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ हे तिन्ही भाग एकाच सलग कागदावर आखतो. मुखपृष्ठाची लांबी-रुंदी पुस्तकाच्या आकारावरून ठरलेली असते. कण्याची रुंदी मात्र पुस्तक किती जाड होणार यावर अवलंबून असते. आणि चित्रकार हे आखतो तेव्हा बहुतेक वेळा पुस्तक अजून छापूनही झालेले नसते!

जे पुस्तक अजून तयारच नाही त्याची जाडी सांगायची कशी? आज छापखान्यात याचे उत्तर एका ओळीच्या सूत्राने मिळते. पण हा प्रश्न पडू लागला तोच गेल्या दोनशे वर्षांत. त्याआधी दीड हजार वर्षांहून अधिक काळ पुस्तकांना कणा होता, तरी त्याची जाडी आधी काढून ठेवण्याची गरज कोणाला भासली नव्हती. असे का झाले, हे समजले की सूत्रही आपोआप समजते.

कणा नसलेली पुस्तके

सुरुवात आपल्याकडच्या पोथीपासून करू. पोथीची पाने सुटी असतात. वर-खाली लाकडी पाट्या ठेवून ती बासनात गुंडाळतात. पुस्तकाचे नाव थोडक्यात पानाच्या समासात लिहिलेले असते आणि पानाचा क्रमांकही तेथेच असतो. पोथीला शिवण नाही, म्हणून कणाही नाही. दहा पाने वाढली तर बासनाची गाठ थोडी सैल बांधायची, एवढेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदही असेच रुमालांत बांधलेले आहेत. शिवलेल्या वहीच्या रूपातली बाडेही आपल्याकडे होती, पण पोथीची सवय इतकी मुरलेली होती, की एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आल्यावरही कित्येक धार्मिक ग्रंथ आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्या म्हणूनच छापले गेले.

युरोपात आधी गुंडाळ्या होत्या. पाने एका बाजूला शिवून केलेले पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये दिसू लागले आणि चौथ्या शतकापर्यंत त्याने गुंडाळीला मागे टाकले. पाने शिवली की शिवणीची बाजू तयार होते. तोच पुस्तकाचा कणा.

कणा भिंतीकडे

या कण्यावर नाव लिहावे असे मात्र पुढे कित्येक शतके कोणाला सुचले नाही, कारण तशी जरूरच नव्हती. पुस्तके थोडी होती, ती तिरक्या मेजावर किंवा फळीवर आडवी ठेवलेली असत. पुढे ती उभी राहू लागली तेव्हाही कणा आत, भिंतीकडे आणि पानांची मोकळी कड बाहेर, अशी ठेवत. याला एक व्यावहारिक कारण होते. मौल्यवान ग्रंथ चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळी लावत आणि ही साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला अडकवलेली असे. कणा बाहेर ठेवला तर साखळी पुस्तकाभोवती गुरफटली असती. इंग्लंडमध्ये हेरफर्ड येथील चर्चमध्ये सतराव्या शतकातले असे साखळीबंद ग्रंथालय आजही पाहायला मिळते. स्पेनमधील एस्कोरिअलच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात तर पुस्तके अजूनही पानांची कड बाहेर करूनच उभी आहेत.

छपाई वाढली, पुस्तके स्वस्त झाली आणि साखळ्या गेल्या. मग सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुस्तके उलटी फिरली आणि कणा बाहेर आला. आता त्यावर नाव हवे झाले. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने ऑगस्ट १६६६ मध्ये आपल्या सगळ्या पुस्तकांच्या कण्यांवर सोनेरी काम करून घेण्यासाठी एका बांधणी करणाऱ्याशी बोलणे केल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. नव्या कपाटांत पुस्तके शोभून दिसावीत ही त्याची इच्छा होती. त्याची सुमारे तीन हजार पुस्तके आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत.

आधी पुस्तक, मग कणा

पीप्सच्या काळातले पुस्तक कसे तयार होई, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. छापखान्यातून बहुधा घडी घातलेले कागद किंवा साधी तात्पुरती बांधणी विकत मिळे. गिऱ्हाईक ते बांधणी करणाऱ्याकडे नेई. तो फर्मे शिवी, कणा ठोकून गोल करी, दोरांना पुठ्ठे जोडी आणि मग त्या तयार पुस्तकावर चामडे ओढून बसवी. अक्षरे सर्वांत शेवटी, तापवलेल्या ठशांनी उमटवली जात.

म्हणजे कण्याची जाडी किती, हा प्रश्न तेव्हा गणिताचा नव्हताच. पुस्तक समोर होते. चामडे किती लागेल ते पुस्तकाभोवती कागद गुंडाळून कळत होते. शिंपी अंगाचे माप घेऊन सदरा बेततो, तसेच हे काम होते. एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुस्तक हाताळत होता, म्हणून मोजणे पुरेसे होते.

पुठ्ठा वेगळा, पुस्तक वेगळे

इंग्लंडमध्ये १८२० च्या दशकात हे चित्र बदलले. लंडनचा प्रकाशक विल्यम पिकरिंग याने पुस्तकांना चामड्याऐवजी कापड वापरायला सुरुवात केली. बांधणीच्या धंद्यातल्या आर्चिबाल्ड लेटन याने यासाठी खळ दिलेले खास कापड तयार केले आणि १८३२ च्या सुमारास त्या कापडावर यंत्राने सोनेरी अक्षरे दाबणेही शक्य झाले. आता प्रकाशकच सगळ्या प्रती सारख्या कापडात बांधून विकू लागला.

शेकडो प्रतींवर एकेक करून कापड ओढणे परवडणारे नव्हते. म्हणून दोन पुठ्ठे, मध्ये कण्याची पट्टी आणि त्यावर एकसंध कापड, असे कव्हर वेगळे तयार होऊ लागले. त्यावर सोनेरी ठसा मारायचा आणि मग शिवलेले पुस्तक त्यात चिकटवायचे. एका बाकावर पुस्तके शिवली जात होती, दुसऱ्या बाकावर त्याच वेळी कव्हरे कापली जात होती. दोन्ही कामे संपल्यावर ती एकमेकांत बसायला हवी होती.

येथे आपला प्रश्न जन्माला आला. कण्याची पट्टी अरुंद कापली तर पुठ्ठे नीट मिटत नाहीत आणि रुंद कापली तर पुस्तक कव्हरात हलते. एका प्रतीत चूक झाली तर एक प्रत वाया जाईल, पण येथे चूक झाली तर सगळ्याच्या सगळ्या प्रतींत तीच चूक. यावर बांधणी करणाऱ्यांनी सरळ उपाय काढला. आधी एकच नमुना प्रत पूर्ण शिवायची, दाबायची, तिचा कणा मोजायचा आणि त्या मापाने बाकीची कव्हरे कापायची. छापखान्यात आजही ज्याला 'डमी' म्हणतात ती हीच. ठरलेल्या कागदाची, ठरलेल्या पानांची, पण कोरी प्रत.

पुढे कागदी कव्हराची पुस्तके आली. पानांच्या घड्या कापून टाकायच्या आणि सुट्या पानांच्या कडांना चिकटद्रव्य लावून त्यावर कव्हर बसवायचे, ही कल्पना जुनी आहे. विल्यम हॅनकॉक या इंग्रजाने १८३६ साली रबराच्या द्रावणाने अशी बांधणी करण्याचे पेटंट घेतले. पण काही वर्षांत रबर कडक होऊन भुगा होई आणि पाने गळून पडत. १९३० च्या दशकात जर्मनीत एमिल लुम्बेक याने कृत्रिम रेझिनचे चिकटद्रव्य वापरून ही पद्धत भरवशाची केली. आज आपण जिला परफेक्ट बाइंडिंग म्हणतो ती याच वळणाची. या बांधणीत कव्हर छापून तयार असते आणि कण्यावर नुसते घडी घालून चिकटवले जाते. कापड थोडे तरी ताणले जाते, छापलेले चित्र मात्र ताणता येत नाही. त्यामुळे जाडीचा अंदाज एक-दोन मिलिमीटरने चुकला तर तो लगेच डोळ्यांना दिसतो. कण्याचा रंग मुखपृष्ठावर उतरतो किंवा पुस्तकाचे नाव कडेला सरकते.

वजनावरून जाडी

डमी केली तर माप मिळते, पण त्यासाठी कागद हाती हवा. प्रकाशक एका गावात, चित्रकार दुसऱ्या गावात आणि कागद अजून गिरणीत, असे झाले की गणित करावे लागते. गणितासाठी सर्वांना मान्य असे एकक लागते. ते मिळायलाही वेळ लागला.

कागद पूर्वीपासून रिमावर आणि वजनावर विकला जातो. रीम म्हणजे आपल्याकडे ५०० ताव. पण रिमाचे वजन सांगून कागदाची जात कळत नाही, कारण तावाचा आकार बदलला की वजन बदलते. २३ × ३६ इंची तावाचे रीम १८.७ किलो भरले आणि २० × ३० इंची तावाचे रीम सुमारे १३.५ किलो भरले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की दुसरा कागद हलका आहे. प्रत्यक्षात दोन्ही कागद एकच! हिशेब करून पाहा, दोन्हींचे वजन दर चौरस मीटरला ७० ग्रॅमच येते.

हा गोंधळ मेट्रिक पद्धतीने मिटवला. जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान याच्या मांडणीवरून १९२२ साली कागदाच्या आकारांचे मानक ठरले. त्यातला सर्वांत मोठा मुख्य ताव, म्हणजे ए-शून्य, बरोबर एक चौरस मीटरचा आहे. आकार असे चौरस मीटरशी बांधले की एका चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, हे सांगणे सोयीचे होते. यालाच आपण जीएसएम म्हणतो. आपल्याकडे दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. तरीही छपाईच्या व्यवहारात तावाचा आकार इंचांत आणि रिमाचे वजन किलोत, अशी मिश्र भाषा रुळून राहिली. पुस्तकाच्या जाडीचा हिशेब करणाऱ्याला आधी तिचे जीएसएममध्ये भाषांतर करावे लागते.

पण वजन म्हणजे जाडी नव्हे. कापसाचा एक किलो आणि लोखंडाचा एक किलो यांच्या आकारात जो फरक, तोच लहान प्रमाणात दोन कागदांतही असतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो आणि तो रुळांखाली दाबलेला असतो. फुगीर कागदात तंतूंच्या मधे हवा जास्त असते. एक ग्रॅम कागद किती घन सेंटिमीटर जागा व्यापतो, या संख्येला छपाईच्या धंद्यात बल्क म्हणतात. शाळेत आपण घनता शिकवतो, बल्क म्हणजे तिचा व्यस्त. आर्ट पेपरचा बल्क साधारण ०.८, साध्या मॅपलिथोचा १.३ च्या आसपास आणि फुगीर कागदाचा १.८ पर्यंत जातो.

आता सूत्र तयार झाले. जीएसएमला बल्कने गुणले की एका पानाची जाडी मायक्रॉनमध्ये मिळते. (एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.) तिला पानांच्या संख्येने गुणायचे. येथे एक खबरदारी हवी. बोलताना आपण 'पान' आणि 'पृष्ठ' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण एका पानाला दोन पृष्ठे असतात आणि पुस्तकावर छापलेले क्रमांक पृष्ठांचे असतात. हे विसरले तर उत्तर थेट दुप्पट येते. म्हणून,

कण्याची जाडी (मि.मी.) = पृष्ठे × जीएसएम × बल्क ÷ २०००

समजा २४० पृष्ठांचे पुस्तक आहे, कागद ७० जीएसएमचा आणि बल्क १.३. तर २४० × ७० × १.३ ÷ २००० = १०.९२ मि.मी. यात कव्हरच्या जाड कागदाच्या दोन थरांचे सुमारे ०.६ मि.मी. मिळवले की कणा ११.५ मि.मी. येतो. मुखपृष्ठ १४० मि.मी. रुंद असेल तर चित्रकाराने १४० + ११.५ + १४० = २९१.५ मि.मी. रुंदीचे कव्हर आखायचे. शिवाय कडा कापल्या जातात म्हणून चारी बाजूंनी थोडी जास्त जागा सोडायची.

बल्कचा परिणाम किती मोठा असतो, हेही पाहू. २४० पृष्ठांचे तेच पुस्तक ९० जीएसएमच्या आर्ट पेपरवर छापले तर आतला भाग सुमारे ८.६ मि.मी. जाड होतो. तेवढ्याच वजनाच्या, १.८ बल्कच्या फुगीर कागदावर छापले तर १९.४ मि.मी. तराजूत दोन्ही सारखी, पण कपाटात एक दुसऱ्याच्या दुपटीहून जाड. लहान पुस्तक भारदस्त दिसावे म्हणून प्रकाशक फुगीर कागद वापरतात, त्यामागचे गणित हेच. याच्या उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले. कागदाच्या टंचाईमुळे ब्रिटिश प्रकाशकांनी १९४२ साली काटकसरीचा करार लागू केला. पृष्ठावर किती मजकूर बसला पाहिजे, याचेही नियम त्यात होते. त्या वर्षांतल्या पुस्तकांचे कणे बारीक आहेत, ते त्यामुळे.

एक पान मोजावे की शंभर?

बल्क ठाऊक नसेल आणि कागद मात्र हाती असेल, तर पानाची जाडी मोजावी लागते. प्रयोगशाळेत स्क्रू गेज असतो. पॅरिसच्या झां लोरां पामर याने १८४८ साली त्याचे पेटंट घेतले. पुष्कळांना वाटेल की इतके अचूक उपकरण असताना अडचण कसली? एक पान स्क्रू गेजमध्ये धरावे आणि आलेल्या मापाला १२० ने गुणावे.

येथेच फसगत होते. शाळेतल्या स्क्रू गेजचे लघुत्तम माप ०.०१ मि.मी. असते. पानाचे माप ०.०९ मि.मी. आले, तर ते एका भागाने इकडे-तिकडे असू शकते. १२० ने गुणताना ही चूकही १२० पट होते. उत्तर येते १०.८ मि.मी., पण खरी जाडी ९.६ पासून १२ पर्यंत काहीही असू शकते. कव्हरसाठी हे माप निरुपयोगी आहे.

आता साधी पट्टी घ्या. १०० पाने एकत्र दाबून धरा आणि गठ्ठ्याची जाडी मोजा. समजा ती ९.१ मि.मी. वाटली आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली. १०० ने भागताना चूकही १०० ने भागली जाते. एका पानामागे ती ०.००५ मि.मी. उरते आणि १२० पानांना ०.६ मि.मी. म्हणजे स्वस्त पट्टीने महागड्या उपकरणाच्या निम्मीच चूक केली! स्क्रू गेजनेही एका पानाऐवजी वीस-तीस पानांचा गठ्ठा मोजला, तर मात्र तो पट्टीला सहज मागे टाकतो.

गणिताने आलेल्या आकड्यापेक्षा खरे पुस्तक थोडे वेगळे निघते. कागद हवेतली ओल शोषून फुगतो, यंत्राच्या दाबाखाली पानांमधली हवा निघून जाते, चिकटद्रव्याचाही थर असतो. म्हणून मोठ्या आवृत्तीच्या वेळी जाणता छापखाना सूत्र वापरतो आणि डमीही करून पाहतो. एकेक प्रत मागणीप्रमाणे छापून देण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिच्यात मात्र डमीला वाव नाही. आतली पाने आणि कव्हर एकाच वेळी दोन यंत्रांवर छापली जातात. तेथे सारी भिस्त पृष्ठसंख्येवर आणि कागदाच्या नोंदलेल्या जाडीवर असते.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा सगळा हिशेब सातवी-आठवीच्या वर्गात करता येतो आणि त्यासाठी कसलेही साहित्य विकत आणावे लागत नाही. बालभारतीच्या अनेक पाठ्यपुस्तकांत मुद्रणाची माहिती असलेल्या पृष्ठावर कागद किती जीएसएमचा आहे ते छापलेले असते. मुलांना ते शोधायला सांगावे. मग पुस्तकाची पाने (पृष्ठे नव्हेत!) मोजावीत, कव्हर सोडून आतल्या पानांची जाडी पट्टीने मोजावी आणि सूत्र उलटे वापरून बल्क काढावा. समजा कागद ७० जीएसएमचा आहे आणि ६० पानांची जाडी ५.५ मि.मी. आली. तर एका पानाची जाडी सुमारे ९२ मायक्रॉन आणि बल्क ९२ ÷ ७०, म्हणजे साधारण १.३.

वेगवेगळ्या गटांची उत्तरे वेगळी येतील. कोणी पाने घट्ट दाबली, कोणी सैल धरली, कोणाचे पुस्तक नवे तर कोणाचे वर्षभर वापरून फुगलेले. ही उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत आणि फरक कशामुळे पडला याची चर्चा मुलांनाच करू द्यावी. त्यानंतर शाळेच्या वार्षिक अंकाचे कव्हर आखण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. अंक किती पृष्ठांचा होणार, कागद कोणता, हे छापखान्यात विचारून त्यांनी कण्याची रुंदी आधी काढावी आणि कागदावर लिहून ठेवावी. अंक बांधून आला की तीच मुले पट्टी घेऊन त्याचा कणा मोजतील आणि आपण लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहतील.